पाबे घाटातला बुडबुडा

“रात्री गाडी लावता ती तोंड वर करून, का खाली करून?”

बॉनेट उघडायच्या आधी मिस्त्रीने मला एवढंच विचारलं. मला वाटलं, याला माझी तक्रार कळलेलीच नाही. तक्रार रात्रीची नव्हती, घाटातली होती. पुण्याहून खानापूरमार्गे पाबे घाट चढून वेल्ह्याला जाताना आमची डिझेल गाडी दोन महिने झाले, मधेच दमत होती. सपाटीला काही नाही. घाटाची वळणं सुरू झाली, तिसऱ्या गिअरात जरा पाय दाबला की तिचा जीव गेल्यासारखा व्हायचा आणि समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागायचा. बाजूला घेऊन चावी बंद केली, दोन मिनिटांनी परत सेल्फ मारला, की काही झालंच नाही अशा थाटात निघायची. शहरातल्या एका गॅरेजने स्कॅनर लावून सांगितलं होतं, चारही इंजेक्टर गेलेत, बदलून टाका. आकडा ऐकून मी गाडी तशीच गावाकडे आणली होती.

मी म्हटलं, गावातलं घर चढावर आहे, गाडी तोंड वर करूनच लागते.

“मग सकाळी सेल्फ लांब मारावा लागत असंल?”

लागतो.

“आन पुण्यात?”

पुण्यात पार्किंग सपाट. तिथे पहिल्या सेल्फला चालू.

“मग नोझल कशाला बदलता, दादा?”

इंजेक्टरला आमच्याकडचे सगळे मिस्त्री अजून नोझलच म्हणतात. त्या पहिल्या प्रश्नात किती काय भरलेलं होतं, हे मला संध्याकाळपर्यंत त्याच्या शेजारी उभं राहिल्यावर कळलं.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा सोळा-अठरा पट दाबली की ती पाचशे अंश सेल्सिअसच्या पुढे तापते आणि त्या तापलेल्या हवेत फवारलेलं डिझेल आपसूक पेटतं. म्हणजे सगळी मदार फवाऱ्यावर: किती, कधी आणि किती बारीक. रुडॉल्फ डिझेलला १८९३ मध्ये पेटंट मिळालं, १८९७ मध्ये आउग्सबुर्गला त्याचं इंजिन नीट चाललं. पण इंधन आत ढकलायला त्याला दाबलेली हवा लागे आणि त्या हवेसाठी वेगळा भला मोठा कॉम्प्रेसर. असलं धूड कारखान्यात किंवा जहाजावर चालतं, गाडीत मावत नाही. १९२७ मध्ये बॉशने इंधन पंपाचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केलं, तेव्हा कुठे डिझेल रस्त्यावर रुळलं. डिझेल गाडीचा इतिहास हा खरं तर पंप आणि नोझलचा इतिहास आहे. त्याचा एक धागा आपल्या नाशिकपर्यंत येतो, तिथल्या बॉशच्या कारखान्यात इंजेक्टर आणि नोझल बनतात.

पण भोर-वेल्ह्यातल्या म्हाताऱ्या माणसांना डिझेल इंजिन कळलं ते गाडीमुळे नाही, नदीकाठच्या इंजिनामुळे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ मध्ये खडकीला उभी राहिली आणि पाणी उपसायचं ‘इंजिन’ गावोगाव पोचलं. हँडल मारून चालू करायचं ते. डिझेल संपेपर्यंत चालवलं की मग टाकी भरूनही ते चालू होत नसे. “इंजिनाने एअर घेतली” असं म्हणायचं, पंपावरचा स्क्रू सैल करायचा, हाताने पंप मारत राहायचं. आधी फसफस, मग बुडबुडे, मग सरळ डिझेलची धार. धार आली की स्क्रू आवळायचा. ज्याला शाळेत पदार्थविज्ञान कधी भेटलं नाही, त्या शेतकऱ्यालाही हे ठाऊक होतं. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. पंपाने ढकललेला जोर डिझेलमधून थेट नोझलपर्यंत पोचतो. वाटेत बुडबुडा असला तर तोच स्प्रिंगसारखा आखडतो, प्रसरण पावतो, आणि नोझल उघडतच नाही.

आताच्या गाडीत हेच आहे, फक्त दाब फार वाढलाय. १९९७ च्या अल्फा रोमिओ १५६ पासून मोटारींमध्ये कॉमन रेल आली. पंप एका जाड पोलादी नळीत डिझेल सतत दाबून ठेवतो, त्या नळीला रेल म्हणायचं, आणि तिच्यावरून चारही इंजेक्टर संगणकाच्या हुकमाने उघडतात, मिटतात. पुणे जिल्ह्यातल्याच रांजणगावात फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट बनायचं, ते याच जातीचं. कितीतरी कंपन्यांच्या गाड्यांत ते बसलं. गाडीच्या टायरात साधारण दोन बार दाब असतो. रेलमध्ये गाडी नुसती उभी घुरघुरत असताना अडीचशे-तीनशे बार, आणि पूर्ण जोर लावला की सोळाशेच्या घरात, नव्या गाड्यांत त्याहूनही वर. इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर असलं की प्रत्येक इंजेक्टर सेकंदाला निदान पंचवीस वेळा फवारतो आणि दरवेळी जातं ते डिझेल पाण्याच्या एका थेंबापेक्षाही कमी. इतक्या नाजूक कारभारात वाटेवर कुठेतरी चिमूटभर हवा आली तर काय होईल?

आता तोंड वर का खाली, याकडे येतो.

टाकी मागे, इंजिन पुढे. काही गाड्यांत टाकीच्या आतच विजेचा पंप असतो, तो डिझेल पुढे ढकलतो. अशा गाडीत पाइपला चीर पडली तर डिझेल बाहेर ठिबकतं, वास येतो, खाली डाग दिसतो, चोर सापडतो. पण बऱ्याच गाड्यांत टाकीत पंप नसतो. पुढच्या मोठ्या पंपाच्या पोटातला छोटा पंप डिझेल टाकीतून ओढून घेतो. म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतचा पाइप दाबाखाली नसतो, ओढीखाली असतो, उसाचा रस स्ट्रॉने पितो तसा. स्ट्रॉला भोक असलं तर रस बाहेर सांडत नाही, हवा आत येते. तसंच इथे. चीर असते, पण थेंब गळत नाही, वास नाही, डाग नाही.

आणि गाडी बंद झाली की त्याच चिरेतून हवा शिरते आणि पाइपातलं डिझेल उताराकडे, म्हणजे टाकीकडे परत जातं. तोंड वर असलं तर इंजिन उंचावर, टाकी खाली. रातोरात पाइप रिकामा. सकाळी आधी पाइप भरायचा, मग रेलमध्ये दाब बनायचा, मग इंजिन पेटायचं, म्हणून लांब सेल्फ. तोंड खाली असलं तर टाकीच वर, डिझेल पुढेच साचून राहतं. सपाटीला मधला मामला. गाडी एका ढाळावर त्रास देते आणि दुसऱ्यावर देत नाही, एवढ्यावरून मिस्त्रीला दोष टाकी आणि पंप यांच्यामध्ये आहे, पंपाच्या पुढे नाही, असं निम्म्याहून जास्त कळलं होतं.

उरलेली खात्री त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी केली. गाडी रात्रभर चढाला तोंड करून ठेवायला सांगितली. सकाळी सेल्फ मारण्याआधी फिल्टरवरचा काळा रबरी फुगा, हँड प्रायमर, दाबायला लागला. पहिले दहा-बारा दाब पोकळ गेले, मग फुगा जड व्हायला लागला आणि शेवटी दगडासारखा झाला. “आता मारा.” अर्ध्या सेल्फला चालू. इंजेक्टर गेले असते तर फुगा दाबून काही फरक पडला नसता. ही परीक्षा घरच्या घरी करता येते, एक रुपया लागत नाही. हँड प्रायमर असलेल्या गाडीच्या मालकाने गॅरेजची पायरी चढण्याआधी ती जरूर करावी.

मग त्याने फिल्टरच्या आधीचा काळा पाइप काढून तिथे वीतभर पारदर्शक नळी जोडली. गाडी उभ्यानेच घुरघुरत होती, तेव्हा नळीतून क्वचित एखादा मोहरीएवढा बुडबुडा जायचा. त्याने मला आत बसवून फेरे वाढवायला सांगितले. अडीच हजारावर मोहरीचे ज्वारीएवढे झाले, तीन हजारावर नळीत सोडावॉटर उकळतंय असं वाटायला लागलं. घाटाचं कोडं तिथेच सुटलं. सपाटीला इंजिन थोडं डिझेल मागतं, ओढ कमी, हवाही कमी. चढाला ते भरपूर मागतं, ओढ वाढते, त्याच चिरेतून हवा भसाभसा येते. रेलमधला दाब संगणकाने मागितला तितका बनत नाही आणि संगणक इंजिन वाचवण्यासाठी जोर काढून घेतो. चावी बंद करून परत लावली की तो नव्याने हिशेब मांडतो, पुढच्या चढापर्यंत.

शहरातल्या गॅरेजने जो कोड वाचला होता, तो पी ००८७. रेलचा दाब कमी, एवढाच त्याचा अर्थ. कोड खरा होता, त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा. स्कॅनर पंचनामा लिहितो; तपास करत नाही. फिल्टर चोंदला तरी हाच कोड येतो, पाइपात हवा आली तरी हाच, पंप झिजला, पंपावरचा डिझेल मोजून आत सोडणारा व्हॉल्व्ह अडकला, रेलवरचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह गळू लागला, इंजेक्टर आतून गळू लागले तरी हाच. टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक बुजलं तरी येऊ शकतो. टाकीत पोकळी तयार होऊन डिझेल निघेनासं होतं. गाडी दमल्यावर झाकण उघडून हवा आत गेल्याचा ‘फुस्स’ आवाज येतो का, एवढं ऐकलं तरी पुरतं. यातल्या सगळ्यात महागड्या शक्यतेपासून सुरुवात का करायची, हे मला आजवर कळलेलं नाही. म्हणजे कळतं, पण लिहिण्यात अर्थ नाही.

इंजेक्टर निर्दोष आहेत हे त्याने मला दाखवूनच दिलं, मी मागितलं नव्हतं तरी. प्रत्येक इंजेक्टर आलेल्या डिझेलपैकी थोडं वापरून, थोडं परत टाकीकडे पाठवतो. आतला व्हॉल्व्ह झिजला की हे परतीचं डिझेल वाढतं आणि रेलचा दाब तिथूनच पळून जातो. चार इंजेक्टरच्या परतीच्या तोंडांना त्याने सलाइनच्या चार नळ्या लावल्या आणि त्यांची टोकं औषधाच्या चार सारख्या बाटल्यांत सोडली, मुख्य परतीच्या पाइपाचं तोंड बुजवलं. गाडी दोन-तीन मिनिटं चालवली. चारही बाटल्यांत जवळपास सारखी पातळी, बोटभर. त्यातली एक भरून वाहिली असती आणि बाकीच्या तळाशी राहिल्या असत्या, तर तो एक इंजेक्टर पकडला गेला असता. एकच, चारही नव्हे. चारही एकदम जातात ते बहुतेक डिझेलमधल्या घाणीने किंवा पाण्याने, आणि मग इंजेक्टर बदलून भागत नाही, घाण आली कुठून ते शोधावं लागतं.

पाण्याचं प्रकरण आमच्या भागात वेगळं सांगायला हवं. वेल्ह्यात, म्हणजे कागदोपत्री आताच्या राजगड तालुक्यात, पावसाळ्यात हवाच ओली असते. केळदकडे, मढे घाटाच्या तोंडाशी धुकं दारात येऊन बसतं. अर्धी रिकामी टाकी रात्री गार झाली की आतल्या हवेतली वाफ पत्र्यावर पाणी होऊन धरते. शिवाय आतल्या गावांना पेट्रोल पंप लांब; भात-लावणीच्या दिवसांत पॉवर टिलरसाठी कॅनमधून डिझेल आणून ठेवायचं, उरलेलं गाडीत ओतायचं. तो कॅन वळचणीला आठ दिवस उघडा असतो. पाणी डिझेलपेक्षा जड, ते टाकीच्या तळाशी जातं, आणि पाण्या-डिझेलच्या सीमेवर बुरशीसारखे जीव वाढून काळा चिकट गाळ धरतो. तो फिल्टर बुजवतो. पाणी त्याच्याही पुढे गेलं तर नुकसान मोठं: रेल भरणारा पंप डिझेलनेच वंगण घेतो, त्याला वेगळं ऑइल नसतं. आतले भाग एकमेकांत दोन-चार मायक्रॉनच्या फटीने बसलेले. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. तिथे पाण्याचा थेंब म्हणजे गंज आणि घासणं.

बघायची रीत सोपी. फिल्टरच्या तळाशी पाणी सोडायचा स्क्रू असतो. तो सैल करून स्वच्छ काचेच्या बाटलीत पेलाभर घ्यायचं आणि घटकाभर ठेवायचं. चांगलं डिझेल आरपार दिसतं. पाणी असेल तर तळाशी वेगळं बसतं, मधे स्वच्छ रेघ उमटते, आणि बाटली तिरकी केली की तळातलं पाणी पाऱ्यासारखं घरंगळतं. काळे कण दिसले तर टाकीचा गाळ. चकाकणारा चुरा दिसला तर मात्र पोटात गोळा येतो: पंप स्वतःच कातला जातोय, आणि तो चुरा रेल, पाइप, इंजेक्टर सगळीकडे गेलेला असणार. तेव्हा नुसता पंप बदलून उपयोग नसतो. सगळी वाट धुवावी लागते, नाहीतर नवा पंपही जातो. भेसळीचाही हाच घात. रॉकेल मिसळलेल्या डिझेलचा वंगणपणा कमी असतो. नदीवरच्या जुन्या इंजिनांनी ते पचवलं, कॉमन रेलला पचत नाही. शंका आली तर पेट्रोल पंपावर घनता मोजून मागता येते, पाच लिटरच्या मापाने माप तपासून मागता येतं. ग्राहकाचा तो हक्क आहे. मागणाऱ्याकडे रांगेतले लोक जरा रागाने बघतात, एवढंच.

धुरावरून निदान करणारे प्रत्येक चहाच्या टपरीवर भेटतात. त्यात तथ्य आहे, पण अर्धं. सकाळी पांढरा धूर आणि डोळे चुरचुरवणारा वास असला तर न जळलेलं डिझेल बाहेर येतंय: हवा, कमजोर फवारा किंवा गार इंजिन तापवणारे ग्लो प्लग. निळसर धूर इंजिन ऑइलचा, त्याचा डिझेलच्या वाटेशी सहसा संबंध नाही. आणि काळा धूर दिसला की लोक पंपाला शिव्या देतात, पण काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त, आणि बऱ्याचदा डिझेल बरोबर असतं, हवाच कमी पडते. एअर फिल्टर धुळीने भरलेला असतो किंवा टर्बोचा रबरी पाइप सुटलेला असतो. चढाला शिट्टी, काळा धूर आणि ओढ नाही, असं तिन्ही एकदम आलं तर आधी तो पाइप बघावा. ऑइलची पट्टी काढून बघणंही असंच फुकट. पातळी आपोआप वाढलेली आणि ऑइलला डिझेलचा वास, तर कुठूनतरी डिझेल खाली उतरतंय. तशी गाडी चालवू नये.

एका बाबतीत मात्र जुनी हुशारी जीवावर बेतते. जुन्या इंजिनात कुठला सिलिंडर ‘मिसिंग’ आहे ते शोधायला मिस्त्री इंजिन चालू ठेवून एकेका नोझलचा नट सैल करायचे. आवाज बदलला नाही तो चोर. कॉमन रेलवर हे कधीही करायचं नाही. हजार-दीड हजार बारची सुईएवढी धार डोळ्याला दिसत नाही आणि कातडी फोडून आत जाते. वर काटा टोचल्याएवढी खूण राहते, दुखतही फारसं नाही, आत मात्र डिझेल बोटभर पसरलेलं असतं. वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट, कधी हातसुद्धा जातो. गळती शोधायला हात फिरवायचा नाही, पुठ्ठा धरायचा. आमचा मिस्त्री रेलच्या पुढच्या पाइपांना इंजिन चालू असताना हात लावत नव्हता, आणि कुणी पोरगा जवळ आला की त्याला मागे ढकलत होता.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा आलं, डिझेलमधलं गंधक पन्नासवरून दहा भागांवर आलं, म्हणजे दशलक्षात दहा. धुराड्यात काजळीची गाळणी बसली, सेन्सर वाढले. टाकीतून डिझेल ओढायचं किंवा ढकलायचं, गाळायचं, दाबायचं, फवारायचं, ही वाट मात्र तीच राहिली.

तर आमची चीर कुठे होती? मिस्त्रीने पंपाच्या बाजूने सुरू करून एकेक टप्पा मागे सरकत पारदर्शक नळी लावली. फिल्टरच्या पुढे बुडबुडे, मागेही बुडबुडे. मग त्याने टाकीकडून येणारा पाइप सोडून नळीचं टोक थेट डिझेलच्या स्वच्छ कॅनमध्ये बुडवलं, परतीचंही त्यातच सोडलं. तीन हजार फेऱ्यांना एक बुडबुडा नाही. म्हणजे कॅनच्या पुढचं सगळं निर्दोष, गुन्हेगार मागे. टाकी खाली घेतली. टाकीच्या डोक्यावर, वरून कुणालाच दिसणार नाही अशा जागी, रबरी पाइपाच्या वळणावर बारीक दातांच्या खुणा होत्या आणि दोन ठिकाणी रबर आरपार गेलेलं. आमच्या घराला लागूनच इंद्रायणी भाताची खाचरं आहेत. कापणी झाली की शेतातले उंदीर पडवीत येतात आणि गाडीखालची गरम जागा त्यांना आवडते.

चारशे रुपयांचा पाइप आणि दोन क्लिपा. पाइप जोडून टाकी वर चढवली, फुगा दगडासारखा होईपर्यंत दाबला, अर्ध्या सेल्फला चालू. दुपारी पाबे घाट तिसऱ्या गिअरात, पाय दाबून, एकदाही न दमता चढलो. वर थांबून तोरण्याकडे बघत चहा प्यायलो.

पंधरा दिवसांनी सकाळी परत लांब सेल्फ. मी फोन केला तर मिस्त्री म्हणाला, “पाइप कुरतडला असंल.” खरंच कुरतडला होता, नव्या रबराला वास जास्त येत असावा. या वेळी त्याने पाइपाभोवती कोंबड्यांच्या खुराड्याची बारीक जाळी गुंडाळली, वर बांधायच्या तारेचे चार वेढे घालून पक्कडीने पिळले आणि टाकी वर चढवली. ती जाळी अजून तिथेच आहे.